फझनंतर बफर जोडलाय

संघप्रिया,

गिटारच्या पेडलची तुझी पेटी मी न विचारता उघडली, रागावू नकोस. गिटारची वायर आधी फझमध्ये, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये जाते, त्यानंतर तू आणलेला बफर, मग बाकीचे पेडल. पहिल्यांदा बफर सगळ्यांच्या पुढे लावला, तर फझ पत्र्यासारखा किरकिरला, म्हणून जागा बदलली. आता तसंच राहू दे. बफरचा अडॅप्टर मात्र विसरू नकोस, त्याशिवाय आवाजच निघणार नाही.

पेडलपासून स्पीकरपर्यंतची ती लांब वायर मीच करून दिली होती. मांडवातल्या भोंग्याला तसली दोनशे फूट ओढली तरी आवाज पोचायचा, म्हणून गिटारलाही चालेल असं धरून बसलो. पण गिटारचा आवाज मुळात नाजूक, लांब वायरीत त्याची धार जाते. बफर ती टिकवतो. तू महिनाभर सांगत होतीस, “आज्जा, आवाज दबतोय की!” मी म्हणालो, “तुझे कान तपासून घे.”

आज वरच्या मजल्यावरच्या अक्षताला ऐकायला बसवलं. बफर जोडल्याबरोबर ती म्हणाली, “आज्जा, आता कसा मोकळा झाला बघा!” मला दोन्ही वेळेला सारखाच ऐकू आला.

मी कान दाखवायला दवाखान्यात चाललोय. संध्याकाळी जयसिंगपूरला तुझ्या कार्यक्रमाला येईन, पण साउंड तपासायला माझी वाट बघू नकोस. अक्षताला सोबत ने. ती म्हणेल तोच आवाज ठेव.

आवाज कसा लागला ते याच कागदामागं लिहून ठेव. तोंडी सांगितलंस तर मी पुन्हा हुज्जत घालीन.

आज्जा