माझं ‘येस, येस’

१० फेब्रुवारी २००३, लॉस एंजेलिस

ब्रॅनिगनच्या ऑफिसात तासभर! रेकॉर्ड कंपनीचा माणूस. सतत हसतो, सतत बोलतो, तेही इतकं भरभर की मला निम्मंच कळलं. माझे मॅनेजर कुवाबारासान शेजारी ताठ बसून होते. मी मात्र नीट लक्ष देऊन ऐकलं — मान हलवत, “येस, येस.” शेवटी त्याने माझा हात गदागदा हलवला. जमलं वाटतं!

ओसाकात मला ऐकायला पन्नास हजार लोक येतात. इथे रविवारी दुपारी एका बारमध्ये चाळीस, त्यातले तीस गप्पा मारतात. मारा म्हणावं! आता बघाच.

१२ फेब्रुवारी

“धुक्याचा भोंगा” रेकॉर्ड केलं. माझं गाणं, आमच्या साकाता बंदरात धुक्यात होड्यांसाठी वाजणाऱ्या भोंग्याचं. एका दमात! काचेपलीकडची सगळी माणसं उठून उभी राहिली. कुवाबारासाननी भाताचे गोळे आणले होते, आत खारवलेलं आंबट उमे फळ. उभ्याउभ्याच खाल्ले.

२० फेब्रुवारी

करार आला, सोबत पोस्टरचा नमुना. चित्रातल्या बाईचा किमोनो उजवी बाजू डावीवर घेतलेला — असा तर आम्ही मेलेल्या माणसाला नेसवतो! केसांत जेवायच्या काड्या. आणि नाव काय, तर चेरी.

कोण ही चेरी? फोन केला. ब्रॅनिगन म्हणतो, “अगं, तूच तर येस म्हणालीस! चिझुरू कुणाला म्हणता येत नाही, चीझ वाटतं. मी विचारलं, चेरी चालेल? येस. किमोनो? येस. दुसरं कडवं इंग्रजीत? येस, येस!”

अगं बाई! आमच्याकडे समोरचा बोलत असला की हुंकार द्यायचा. जपानीत हाय, हाय — म्हणजे ऐकतेय, बोला. एवढंच! नाही दिला तर विचारतात, झोपलीस का?

कुवाबारासानवर ओरडले. तुम्हाला तर इंग्रजी येतं! ते मान खाली घालून म्हणाले, “हाय म्हणाली असतीस तर मला कळलं असतं. तू येस म्हणालीस.”

२३ फेब्रुवारी

उद्या त्याच्याकडे जायचंय. हुंकारसुद्धा द्यायचा नाही. मेले तरी नाही.

२४ फेब्रुवारी

गप्प बसणं काय अवघड असतं! मान आपोआप हलायला लागते. हनुवटी हाताने धरून बसले. ब्रॅनिगन घामाघूम.

“बरं, काड्या काढू.” मी गप्प. “किमोनोही राहू दे.” गप्प. “जा, कडवंही जपानीत!” गप्प. “पण नाव चेरीच.”

करार दोन्ही हातांनी, शिस्तीत त्याच्याकडे परत सरकवला. वाकले आणि निघाले.

बाहेर आल्यावर कुवाबारासान म्हणाले, “टोकियोतले आपले कंपनीवाले म्हणतील, परत ये.” म्हणू देत! बाबा होडीतून येताना मला हाक मारायचे, भोंग्याच्याही वर. चिझुरूऽऽ! अख्ख्या बंदराला ऐकू जायचं. आणि या लोकांना तीन अक्षरं जड होतात? होऊ दे जिभेला जरा व्यायाम.

२ मे

टॅक्सीत रेडिओ लागला होता. “चेरीचं नवंकोरं गाणं!” — आणि धुक्याचा भोंगा. आवाज माझा!

कुवाबारासाननी चौकशी केली. रेकॉर्डिंगच्या दिवशी दारातच आम्ही एक कागद सही करून दिला होता. रेकॉर्ड झालेलं सगळं कंपनीचं. पोस्टरवर भलतीच पोरगी आहे, काड्यांसकट. सगळी अमेरिका मला ऐकतेय आणि मी कोण ते कुणालाच माहीत नाही.

रडले. खूप रडले. मग राग आला, आणि रागाबरोबर भूक. दोन वाडगे नूडल्स.

“आता तरी परत जाऊ या,” कुवाबारासान म्हणाले. तुम्ही जा, म्हटलं. गेले नाहीत. तिसरा वाडगा मागवला.

१८ मे

बारमध्ये तेच गाणं गायले. माणसं चाळीसच, पण आज एकानेही गप्पा मारल्या नाहीत. संपल्या संपल्या पुढच्या टेबलावरची एक मुलगी धावत आली. “हुबेहूब चेरी! तू तिची नक्कल करतेस ना?”

माईक अजून हातातच होता.

“नो,” मी म्हटलं. अख्ख्या बारला ऐकू गेलं.