चाकूरहून येऊन राहिलो

अप्पा, काल नांदेडला भरल्या मैदानानं तुमचं वाक्य माझ्यासोबत म्हटलं. गाणं माझं, गिटार माझी, पण लोक ज्या ओळीसाठी ताटकळत उभे असतात ती तुमची: "येऊन राहिलो." यंदा हे गाणं कुठं वाजत नाही ते विचारा. रिक्षात, मोबाइलच्या दुकानात, कॉलेजच्या गॅदरिंगला. तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली आणि तुमचा शब्द आता लोकांची रिंगटोन झालाय. गंमत म्हणजे पुण्या-मुंबईकडच्यांना वाटतं, यात कुणीतरी आलं आणि कायमचं राहिलं. तिकडं नवरी उंबरठा ओलांडते तेव्हा लावतात म्हणे! आपल्याकडं कुणी लावणार नाही. येऊन राहिलो म्हणणारा माणूस अजून रस्त्यातच आहे, हे आपल्याला माहीत असतं.

मुलाखतीत सगळे गाण्यामागची गोष्ट विचारतात. मी लातूरचं आपलं दुकान सांगते, ते सांगायला सोपं आहे. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तुम्ही एकच कॅसेट लावायचात. इंग्रजी, संथ गिटारची, कव्हर केव्हाच हरवलेलं. मी शाळेतून येऊन स्टुलावर बसलेली असते. "अप्पा, आपल्यातलं गाणं लावा की," म्हटलं की तुम्ही दातांत पेचकस धरून म्हणता, "शब्द कळले की ध्यान गाण्यात जातंय, माय. मशीन ऐकू येत न्हाई." लांबलेला सूर हलतो का, एवढंच तुम्ही ऐकत असता. हलला की आतला बेल्ट ढिला. मला तो सूर हलला तरी आवडायचा. दहावीनंतर तुम्ही कुठूनशी जुनी गिटार आणलीत, चादरीत गुंडाळून. सहावी तार लातुरात मिळेना, म्हणून मी पाच तारांवर शिकले. या गाण्याची सुरुवातही पाचच तारांची आहे. लोकांना ती माझी स्टाइल वाटते, मीही वाटू देते.

इथवर सांगते आणि थांबते. पुढचं नांदेडचं आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी होस्टेलला होते. रविवारी तुम्ही पहिल्या गाडीनं निघायचात. गाडी चाकूरला थांबली की स्टँडवरच्या रुपयाच्या फोन-डब्यातून होस्टेलला फोन. फोन रेक्टरबाईंच्या खोलीत. एका रविवारी त्यांनी फोन ठेवला आणि व्हरांड्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं, तुझे वडील येऊन राहिलेत म्हणे! कुठं राहिलेत? मला तर दिसत नाहीत." बाई पुण्याकडच्या, त्यांना खरंच गंमत वाटली असेल. पोरी खो खो हसल्या. ज्यांचे बाप घरी तसंच बोलत होते, त्या उदगीरच्या दोघीही हसल्या. मीही हसले.

दुपारी तुम्ही फाटकाशी उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात शेंगाच्या पोळ्यांची पिशवी. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "अप्पा, फोनवर येऊन राहिलो म्हणत जाऊ नका. येतोय म्हणायचं." तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. "हाव. येतोय. आता बराबर हाय का?"

"आहे का, म्हणायचं."

हेही मी म्हणाले, अप्पा. पिशवी घेता घेता म्हणाले.

पुढच्या रविवारी फोन कानाला लावला तर आधी नुसता स्टँडचा गोंधळ, कंडक्टरची घंटी. मग तुम्ही म्हणालात, "येतोय." दुसऱ्याची चप्पल घालून चालावं तसं. त्यानंतर तुम्ही बाकीचे शब्दही जपून वापरायला लागलात. पूर्वी फाटकाशी तासभर सांगायचात: कुणाचा रेडिओ आला, शेजारच्या कापडवाल्याचं कुणाशी वाजलं, आईनं पोळ्या करताना काय ऐकवलं. आता पिशवी द्यायची, "बरी आहेस ना?" विचारायचं आणि परतीची गाडी धरायची. मला तेव्हा वाटलं, अप्पा सुधारले. तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडत होतात, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी, एका गुरुवारी, तुम्ही दुकानात टेबलावर डोकं टेकलंत. मशीन चालू होतं. कापडवाल्या काकांना वाटलं, नेहमीसारखे कान लावून ऐकत असतील. म्हणून ते कॅसेट संपेपर्यंत थांबले. त्याआधीच्या रविवारी चाकूरहून तुम्ही मला म्हणाला होतात, "येतोय." फोनवरचा तुमचा शेवटचा शब्द माझा होता, तुमचा नव्हता.

स्टुडिओत रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाई आहात, राहिले म्हणा." मी ऐकलं नाही. आता पेपरात येतं की हिनं आपल्या बोलीची लाज बाळगली नाही. कालसुद्धा सत्कारात एक सर हेच बोलले आणि मी हात जोडले. मुलाखतीत कुणी फारच खोदलं तर एवढंच सांगते, माझे वडील दर रविवारी असं म्हणायचे. दर रविवारी नाही, अप्पा. मी बंद करेपर्यंत.

हे मी कालच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागं लिहितेय, लातूरच्या गाडीत. गाडी चाकूरला थांबलीय. तुमचा फोनचा डबा होता तिथं आता उसाच्या रसाचं दुकान आहे. ही पत्रिका पर्समध्ये जाईल आणि तिथंच राहील. एवढं एक सांगून ठेवते. आत्ताच आईचा फोन आला होता, "कुठवर आलीस गं?" स्टेजवर कितीदा म्हटलेलं वाक्य, अगदी ओठांवर होतं. आजूबाजूला हसणारंही कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "येतेय."