सातव्या गाण्यातली सम

पूर्णिमा,

पोळ्या डब्यात आहेत. मी तबल्याच्या क्लासला गेलोय.

तुझी ती डेथ मेटल आणि ग्राइंडकोर हे दोन्ही कर्कश रॉकचे प्रकार एकत्र असलेली सीडी न विचारता लावली. अकरा सेकंदांचं गाणं तीनदा ऐकलं, प्लेअर बिघडला असं वाटून. मग टाळ्या देत मात्रा मोजायला बसलो. सातव्या गाण्यात चुकलो. मी, ड्रमवाला नाही. एवढ्या वेगातून तो एकदम संथ होतो आणि तरी बरोबर समेवर येतो, हे कसं? गाणाऱ्याच्या घशाबद्दल नंतर बोलू.

तू तबला सोडून ड्रम घेतलेस म्हणून मी अबोला धरला, पण हे विचारायला घरात दुसरं कोणी नाही.

संध्याकाळी येरवड्याला तुमच्या बँडची तालीम आहे ना? मी येऊ का? कोपऱ्यात गप्प बसेन. आठ दिवसांचा सराव आहेच.

बाबा