उत्तरेच्या भिंतीजवळची ऐरण

प्रिय टॅम्सिन,

गेल्या गुरुवारी सहा वाजून वीस मिनिटांनी मी तुझा फोन आपटला. ‘ठेवला’ असं लिहिणार होतो, पण तुझी आई समोरच बसली आहे आणि तिने तो आवाज ऐकला होता.

त्या दिवशी रागाच्या भरात मला नीट सुचलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितो. मार्चमध्ये हॅझलडीनच्या हवेलीत स्वयंपाकघराच्या फरशा उचलल्या, खाली काळी माती लागली, आणि तिथे उत्खनन करणाऱ्या डॉक्टर लँग्रिजनी मला बोलावलं. एकतीस वर्षं लोहारकी केलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही. त्या मातीतलं लोखंडाच्या मळीचं एक ढेकूळ मी हातात घेतलं, वरून सपाट, खालून बशीसारखं फुगीर, आणि सांगितलं की इथे लोखंड गाळत नव्हते, घडवत होते. त्यांची विद्यार्थीमंडळी वहीत लिहून घेत होती. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेला मी, फिरत्या वाचनालयाची पुस्तकं भट्टीच्या उजेडात वाचलेली. त्या वह्यांकडे बघून मला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको.

मग जमिनीचे शहाण्णव चौकोन आखले. घण पडला की तापल्या लोखंडाचे बारीक पापुद्रे उडतात, ते ऐरणीभोवती साचतात, आणि चुंबकाने उचलता येतात. बाकीच्यांनी, शेजारच्या कोठीघरातले चौकोन घेतलेल्या तूसुद्धा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले. मी म्हटलं, पिशवीने जोर कमी होतो. माझा चुंबक उघडाच, एप्रनच्या खिशातला. आणि गुडघ्याखाली घेतलं ते पोतं, माझ्या ऐरणीशेजारी नऊ वर्षं पडलेलं. उत्तरेच्या भिंतीजवळ मी सर्वांत जास्त वेळ टेकलो होतो, आणि सर्वांत जास्त पापुद्रेही तिथेच सापडले. मी बोट ठेवून सांगितलं, सहाशे वर्षांपूर्वीची ऐरण इथे होती. सगळ्यांना पटलं. रविवारी गावाच्या हॉलमध्ये मी तेच सांगणार होतो.

आणि गुरुवारी प्रयोगशाळेतून तुझा फोन. तू म्हणालीस, “डॅड, उत्तरेच्या भिंतीजवळच्या पापुद्र्यांवर गंजच नाही. यांत मँगनीज आहे, तुम्ही विकत आणता त्या सळयांसारखं. मी कोठीघरातून घेतलेले पापुद्रे मात्र खरे जुने आहेत. रविवारी तुम्हीच सांगा. तोवर मी लँग्रिजबाईंना काही बोलत नाही.” त्यावर मी म्हणालो, “लोखंड मला तू शिकवणार? अजून सांडशी उलटी धरतेस.”

शुक्रवारी सकाळी पांढरी चादर अंथरून मी ते पोतं झटकलं. तुला खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. चुंबक फिरवला, जे चिकटलं ते भिंगाखाली ठेवलं, शेजारी उत्तरेच्या भिंतीजवळून आणलेली माझी जादाची पुडी. तोच करडा रंग, तीच चकाकी, कडेला तेच निळे डाग. एका बापाचे. आणि तो बाप मी.

रविवारी हॉलमध्ये बासष्ट माणसं होती. नकाशा लावला आणि पहिलंच वाक्य बोललो, “या खुणेवर ऐरण नव्हती, माझं पोतं होतं.” मग केक कापता कापता हनिसेटबाई म्हणाल्या, “म्हणजे टेड, तुझ्या वर्कशॉपची धूळ बघायला मी एवढं बेकिंग केलं?” हॉल हसला आणि माझी सुटका झाली. हनिसेटबाईंचेही आभार मानले पाहिजेत.

डॉक्टर लँग्रिज हसल्या नाहीत. सोमवारी मला कोठीघरात घेऊन गेल्या. तुझ्या जुन्या, मळकट, गंज चढलेल्या पापुद्र्यांचं कडं त्यांनी तिथे आखलं होतं, मधे रिकामं वर्तुळ, एकोणीस इंच. ऐरणीखालचा ओंडका बसायचा ती जागा. त्यांनी विचारलं, तो लोहार कुठे उभा राहत असेल? मी भट्टी जिथे असणार तिकडे उजवी बाजू करून, डावा पाय पुढे टाकून उभा राहिलो. पायाखाली जमीन दीड इंच खोलगट होती, टॅम्सिन. कुणीतरी आयुष्यभर तिथेच उभा होता. तू त्याची जागा शोधलीस. मी तर त्याला सात फूट चार इंच लांब नेऊन ठेवलं होतं.

आज सकाळी तुझ्या अहवालाचा कच्चा मसुदा टपालाने आला, सही करून परत पाठवायला. पाकिटावर शुक्रवारचा शिक्का आहे, म्हणजे मी तुला नको ते बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पान चौदावर तू लिहिलंस, ‘उत्तरेच्या भिंतीजवळचे नमुने दूषित, कारण निश्चित करता आले नाही.’ मी तो अहवाल दोनदा वाचला. त्यात खोटं वाक्य हे एवढंच आहे, आणि ते तू माझ्यासाठी लिहिलंस. ते मी पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, ‘कारण: टेड पेनफोल्ड यांचे पोते व उघडा चुंबक. शोधले: टॅम्सिन पेनफोल्ड.’ खाली सही केली आहे. मसुदा या पत्रासोबत आहे. हे असंच छाप. आणि पोरी, थँक यू. फोनवर मला हे जमलं नसतं.

तुझाच,
डॅड