बोटीचं इंजिन वर ठेवणारं तेल

५ जानेवारी, सोमवार
बोट आली! आमच्या धावडा गावातली पहिली. सेकंडहँड आहे, पण अंगाने खणखणीत. चाकांच्या ट्रॉलीवर बसून आली. पूजा केली. इंजिनाच्या तेलटाकीच्या झाकणावर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. त्यावर लाल ऑइल पेंटने ठसठशीत स्वस्तिक काढलं. कुंकू पाण्यात टिकलं नसतं. मी नेहमी पुढचा विचार करतो.

लेकीचं, शीतलचं, लग्न फेब्रुवारीत. लग्नाआधीच्या फोटोंसाठी तिने संभाजीनगरकडचं एक फार्महाउस बुक केलं होतं. मी कॅन्सल करायला लावलं. घरची बोट असताना फार्महाउस कशाला? रविवारी, अठरा तारखेला, आपल्या पाझर तलावात फोटो. व्याह्यांनाही कळवून टाकलं. शीतल उठून आत गेली. भारावली असावी.

७ जानेवारी
किरकोळ प्रॉब्लेम. बटण दाबलं की हायड्रॉलिक पंपाने मागचं इंजिन वर जायला हवं. जात नाही. ते खाली लोंबत राहिलं तर पंखा जमिनीला लागतो, आणि बोट तळ्यापर्यंत नेता येत नाही. टाकीत तेलच नाही, हे मी एका नजरेत ओळखलं (साहेबरावने दाखवल्यावर). साहेबराव म्हणजे माझा मेव्हणा. ट्रॅक्टर त्याचा, तळ्याची वाटही त्याच्याच शेतातून. त्यामुळे जास्त बोलतो.

येताना इंजिनाखाली लाकडी ठोकळा होता. तो बायकोने, दैवशालाने, चुलीत घातला. साहेबराव म्हणाला, दुसरा लावू न दाजी, हाय काय त्यात. हायड्रॉलिक असताना ठोकळा! व्याह्यांना काय वाटेल?

९ जानेवारी
भोकरदनला जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, कोणतं तेल ते झाकणावरच लिहिलेलं असतं. मी म्हणालो, झाकणावर स्वस्तिक आहे. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. श्रद्धेपुढे काय बोलणार!

साहेबरावचा सल्ला, ट्रॅक्टरचंच टाका दाजी, माझी ट्रॉली बराबर उचलून राह्यलंय. टाकलं. इंजिन वीतभर उठलं, कण्हलं, बसलं. जाड पडणार हे मला आधीच वाटलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
दैवशालाने तिळगूळ दिला आणि विचारलं, करडीचं तेल देऊ का? घरात तेवढंच एक टाकायचं राह्यलंय. टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

शीतल म्हणाली, पप्पा, कंपनीला फोन तर करून बघा. मी सांगितलं, माझा अभ्यास चालू आहे.

दुपारच्या झोपेत सुचलं. ब्रेक ऑइल! एवढी जीप जागच्या जागी थांबवतं, ते इंजिनाला वर थांबवणार नाही? असलं डोकं या तालुक्यात कुणाला नाही.

१७ जानेवारी, शनिवार
जुनं तेल उपसलं, ब्रेक ऑइल भरलं. इंजिन झरकन वर! आणि वरच राहिलं! शीतलला हाक मारून दाखवलं. बारा दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, पप्पा, मी लई घाबरून गेल्ते हो. मीही घाबरलो होतो. इथे लिहायला हरकत नाही.

संध्याकाळी.
भरताना थोडं ऑइल झाकणावर सांडलं होतं. पुसायला गेलो तर फडक्याबरोबर सगळं स्वस्तिक निघून आलं. खालचं इंग्रजी लख्ख दिसायला लागलं. ट्रिम (म्हणजे इंजिन उचलणाऱ्या) पंपाचंच तेल वापरा. ब्रेक ऑइल बिलकुल घालू नका, सील खराब होतात.

सूचना जुन्या काळच्या. तेव्हाचं ब्रेक ऑइल हलकं असणार. परत स्वस्तिक काढलं.

१८ जानेवारी, रविवार
बोटीला झेंडूच्या माळा. जावईबापू, व्याही, विहीणबाई, फोटोग्राफर, सगळे वेळेवर. ट्रॅक्टरला बोट जोडून साहेबरावच्या मोकळ्या शेतातून निघालो. मी बोटीत पुढे उभा, टोपी घालून. मागे बघायची गरज वाटली नाही.

शेताच्या मध्यावर ट्रॅक्टर घुर्र करून अडला. मागे बघितलं. प्रत्येक धक्क्याला इंजिन थोडं थोडं खाली आलं होतं आणि आता अर्धं मातीत होतं. बांधापासून माझ्यापर्यंत खोल, सरळ चर. पंखा मोडला. तळं समोर चमकत होतं.

व्याही माझ्या टोपीकडे बघत होते. मला खाली उतरायचंसुद्धा सुचेना. मग शीतलला हसू फुटलं, मग जावईबापूंना. फोटो ट्रॅक्टरवर झाले. झकास आले म्हणतात. एका फोटोत बोटीचं टोक आहे. मी नाही.

निघताना शीतल म्हणाली, फार्महाउसपेक्षा हेच चांगलं झालं पप्पा. मनापासून म्हणाली की मला बरं वाटावं म्हणून, ते कळलं नाही. विचारलं नाही.

१९ जानेवारी
सकाळीच साहेबराव आला. शेत खराब केलं म्हणून भांडेल वाटलं. चहा पिला आणि म्हणाला, दाजी, काय सरळ तास पडलंय हो! माझ्या नांगरानं कधी पडलं न्हाई. पेरणीच्या टायमाला बोट देता का?

विचार करून सांगतो म्हणालो. पण तोपर्यंत योग्य तेलाचं फायनल करतो, हेही स्पष्ट सांगितलं.

म्हणाला, न्हाई न्हाई, तेल तेवढं हेच राहू द्या.