मामांच्या कपाटाचा तात्पुरता मुक्काम

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामीकडून कळलं, जिवात जीव आला. थेंब वेळेवर घालता ना? खोकला कसा आहे? डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे आणि तुम्ही सध्या लेकीकडेच मुक्कामाला आहात, म्हणून हे पत्र ताई तुम्हाला वाचून दाखवेल. (ताई, कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी. तो मनात वाच आणि चेहरा कोरा ठेव. त्यांचा एक डोळा उघडा आहे.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ऑफिस सोडून.

तुम्ही नेहमी विचारता की आमच्या उद्यान खात्यातली माणसं दिवसभर करतात तरी काय. यंदा माझ्याकडे उत्तर आहे. वरून आदेश आला की ज्या सार्वजनिक जागा नुसत्याच पडून आहेत, तिथे मुलांसाठी काहीतरी गमतीचं आणि तात्पुरतं उभं करा. मुलं रमली तर मुदत वाढवू, नाही रमली तर उचला. आमच्या वाट्याला बंद पडलेल्या टपाल कचेरीमागचा कोपरा आला. तिथे आजवर फक्त फुटके माठ आणि भांडून घराबाहेर पडलेले नवरे जात असत. आता ‘तात्पुरतं’ या शब्दाचं आमच्याकडे काय होतं, ते सांगायला हवं. मी बसतो ती खुर्ची मला तात्पुरती दिली होती, तिच्यावर बसून माझे केस पिकले. आमच्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत आहे, तीही तात्पुरती. तिच्या पलीकडे अतिक्रमण खातं बसतं. साहेबांकडे खात्याचा तात्पुरता कार्यभार आहे आणि तो सांभाळता सांभाळता ते निवृत्तीला आले आहेत.

तर बैठक बसली. एकाला झोपाळा हवा, दुसऱ्याला घसरगुंडी, तिसऱ्याला कारंजं. भांडारात मात्र झाऱ्यांशिवाय काही नाही. दिवेलागण व्हायला आली तरी कुणी उठेना, तेव्हा मी म्हटलं, लोकांच्या घरची नको झालेली कपाटं आणू, पाठीच्या फळ्या काढू आणि एकामागे एक उभी करू, झाला बोगदा. बैठक संपावी म्हणून बोललो होतो मामा, दुसरा काही हेतू नव्हता. साहेब म्हणाले, “वा! मग तुम्हीच बघा.” तेव्हापासून मी बघतो आहे.

तीन कपाटं सहज मिळाली. चौथं दर्शनी हवं होतं, मोठ्या माणसालाही न वाकता शिरता येईल असं. ते एका प्रतिष्ठित घरातून आलं. सागवानी, उंच, दाराला आरसा. घरच्या बाईंनी आनंदाने दिलं. (ताई, ते मामांचंच. पॉलिशला दिलंय असं मामीने तुम्हाला सांगितलं आहे. मी नको नको म्हणत होतो, पण हमाल तिनेच बोलावून ठेवले होते.)

पहिले काही दिवस एकही मूल फिरकलं नाही. एक पेन्शनर तेवढे तिसऱ्या कपाटात पेपर वाचत बसायचे आणि मी डोकावलो की “दार लावा” म्हणायचे. मग एका दुपारी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची धाकटी आली. तोंडाने सतत भकभक आवाज काढत चालते, म्हणून सगळे तिला इंजिन म्हणतात. मला म्हणाली, “काका, हे कुठे जातं?” मी म्हटलं, “पलीकडे.” “पलीकडे काय आहे?” मी खरं ते सांगितलं, “काही नाही.” तिने शेजारचं पोर हाताला धरलं आणि आत शिरली. पलीकडून बाहेर पडून ओरडली, “इथे समुद्र आहे!” दुसऱ्या दिवशी रांग. पेन्शनरांना तिकीट तपासनीस नेमण्यात आलं. दमल्यामुळे असेल, पण मला ते सगळं बरं वाटायला लागलं होतं.

परवा सकाळी जाऊन बघतो तर कोपरा रिकामा. अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन सगळी कपाटं घेऊन गेली होती. रस्त्यावर मांडलेला घरगुती संसार म्हणून. मामा, मधल्या भिंतीपलीकडचे हेच लोक रोज आमच्याच किटलीतला चहा पितात. बोगद्याचा नकाशा मी त्यांच्याच टेबलावर काढला होता, कारण आमचं टेबल हलतं. मी जाऊन विचारलं, “अहो, तुम्हाला माहीत नव्हतं का?”

तिथले हेडक्लार्क म्हणाले, “मला माहीत होतं. खात्याला नव्हतं.”

आमचा कागद वरच्या मजल्यावर जाऊन सहीनिशी खाली त्यांच्याकडे पोचायचा असतो. तो अजून जिन्यात आहे. आमच्या ऑफिसच्या इतिहासात वेळेच्या आत उचललेली ही पहिली तात्पुरती गोष्ट.

तीन कपाटं त्यांच्या मालकांनी येऊन सोडवली, ती जागेवर आहेत. चौथं गोदामात आहे. इतर तिन्ही बुटकी आहेत, त्यांतून पोरं शिरतात, पण इंजिन शिरत नाही. आरशाचं दार नसलेल्या बोगद्यातून समुद्र दिसत नाही म्हणते. ती नाही म्हणून बाकीची पोरंही पांगायला लागली आहेत. शनिवारी साहेब मुदत वाढवायची की नाही ते ठरवायला येणार. रिकामा कोपरा दिसला तर फुटके माठ परत.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. – मामा, ते चौथं कपाट तुमचं आहे. पॉलिशला गेलेलंच नाही. जप्त माल मालकाच्या हातीच देतात, आणि मालक म्हणून मामी चालत नाही, कारण हेडक्लार्कने विचारल्यावर तिने “माझा त्या कपाटाशी काही संबंध नाही” असं ठासून सांगितलं. म्हणून शुक्रवारपर्यंत या. काळा चष्मा लावून या. गाडीची सोय मी करतो.

आणखी एक – कपाट सोडवून घरी न्यायचा विचार करू नका. त्या जागी मामीने शिलाई मशीन ठेवलं आहे. तात्पुरतं. (ताई, पाठीची फळी मामीच्या पलंगाखाली आहे. हे त्यांना गाडीत बसल्यावर सांग.)

(ताई, हे कंसात असलं तरी मोठ्याने वाच. कपाट उचललं तेव्हा त्यात इंजिनची एक चप्पल राहिली. कपाटातलं सामान कपाटाच्या मालकाचं, असा नियम असल्यामुळे ती मामांच्या नावावर जमा आहे. पोरगी एका पायात चप्पल घालून कोपऱ्यावर उभी असते आणि मला बघून विचारते, “काका, आजोबा निघाले का?” मी “निघाले” असं सांगितलं आहे. चप्पल डाव्या पायाची, गुलाबी, वर फुलपाखरू. सही घेताना विचारतील, तेव्हा मामांकडून आधीच पाठ करून घे.)