पाचवं कलम

बाई,

काल अक्काच्या नातीने इतिहासाची वही माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "आबा, ह्यातलं तुमाला काय येतंय का बघा." शाळेसाठी ती सध्या आमच्याकडे वडूजलाच असते. प्रश्न होता, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाच्या जाचक अटी दुसऱ्या महायुद्धाला कशा कारणीभूत ठरल्या. पाच मार्कांचा. पोरीने चार मुद्दे लिहिले होते, शेवटी रेघही ओढली होती. मी वाचलं, बरोबर आहे म्हणालो आणि मग उगाचच चष्मा पुसत बसलो. हा प्रश्न मी दोनदा सोडवला आहे, बाई. एकदा तुमच्या वर्गात, तेव्हा पाचातले साडेचार मिळाले होते. दुसऱ्यांदा आमच्या गावात, आणि तेव्हा साफ नापास झालो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दुसऱ्या पेपराबद्दल तुमच्याशी धड बोलणं झालेलंच नाही.

तुम्ही वाईच्या. वडूजच्या हायस्कुलात आलात तेव्हा लोक म्हणाले होते, ही नाजूक बाई पहिल्या उन्हाळ्यातच वाईला परत पळेल. तुम्ही निवृत्त होईपर्यंत राहिलात आणि नंतरही भाड्याच्या दोन खोल्यांत राहून गावातल्या पोरांची निबंधाची वही तपासत बसायचात. तुमची फूटपट्टी आम्हाला सणसणीत लागायची, हे काही मी विसरलेलो नाही. पण साऱ्या शाळा सहलीला महाबळेश्वरला जायच्या आणि तुम्ही आम्हाला लोणंदच्या स्टेशनात नेलंत, हेही विसरलो नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी आगगाडी जवळून पाहिलेली नव्हती. बाजूच्या रुळावर एक रिकामा डबा उभा होता. तुम्ही आम्हाला उन्हात त्याच्यासमोर उभं केलंत. "असाच एक डबा होता. त्यात बसवून जर्मनीकडून लढाई थांबवल्याच्या कागदावर सह्या घेतल्या. पुढे व्हर्सायला तह झाला तेव्हा तर त्यांना नीट बोलूही दिलं नाही. सही करा म्हणाले. वीस-बावीस वर्षं गेली. मग जर्मनीने तोच डबा शोधून काढला, त्याच जागी नेऊन उभा केला आणि फ्रान्सला सांगितलं, आता तुम्ही या आत." कुणीतरी विचारलं, तोच डबा कशाला लागतोय? तुम्ही म्हणालात, "मार खाल्लेला माणूस विसरतो रे. मान कुठे खाली घालायला लावली, ते विसरत नाही." माझं लक्ष तेव्हा फलाटावरच्या भेळेच्या गाड्याकडे होतं. साडेचार मार्क पाठांतराचे होते, बाई.

नव्वदच्या दशकात मी वडूजला टायपिंगचं दुकान टाकलं. दोन मशीन, एक बाकडं, आणि कचेरीत अर्ज द्यायला आलेल्यांची गर्दी. तुम्हीही यायचात, पेन्शनचं पत्र टाईप करून घ्यायला, आणि बशीत चहा ओतून पिता पिता माझ्या वाक्यरचनेची खोडी काढायचात. आमचं मूळ गाव तिकडे माण तालुक्यात. गावाच्या वर ओढ्यापलीकडे वाडी. देव दोघांचा एकच. यात्रेला दोन्हीकडचे गजी नाचायचे, पांढऱ्या कपड्यांतले गडी हातात रंगीत रुमाल घेऊन गोल धरायचे आणि मधे ढोल. पालखी देवळातून निघाली की पहिली थाप कुणाच्या ढोलावर पडायची, तर एक वर्ष गावाच्या, एक वर्ष वाडीच्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हाताऱ्यांच्या डोक्यात होतं. त्या वर्षी मुंबईहून आलेल्या पोरांनी घोळ घातला. आमची म्हणाली आमचं वर्ष, त्यांची म्हणाली त्यांचं. वाडीच्या पोरांनी थाप मारली, काठ्या निघाल्या, आणि आमच्या पुजाऱ्याचं डोकं फुटलं. पोलिसांत तक्रार गेली. वाडीची चार पोरं सैन्यभरतीच्या तयारीत होती. केस उभी राहिली असती तर त्यांची भरती तिथेच संपली असती. म्हणून वाडी म्हणेल त्या अटींवर मिटवायला तयार झाली, आणि तयार आहे हे दिसल्यावर आमच्या गावाला भलताच जोर चढला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिला त्याच वाडीत दिलेली. दाजी वाडीचे ढोलवाले. त्यांच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. डोळे मिटून वाजवायचे आणि पाच-पन्नास माणसांचे पाय एका वेळी उचलून धरायचे. मला ते 'टकटक मास्तर' म्हणायचे. माझ्याच लग्नात, सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "काय टकटक मास्तर, बोटं नुसती मशिनीवरच चालत्यात का ढोलावर बी चालतील?" सगळे हसले, माझी नवरीसुद्धा हसली. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ते जाऊन बसलं.

पंचांचे प्रमुख तात्या आणि आणखी दोघेजण दुकानात येऊन बसले. तात्या सांगत होते, मी स्टॅम्पपेपरवर टाईप करत होतो. वाडीचा ढोल पाच वर्षं गावच्या देवळात राहील. पाच वर्षं वाडीचे गजी यात्रेत नाचणार नाहीत. पालखी वाडीत जाणार नाही. पहिली थाप कायमची गावाची. कागद मशीनमध्येच होता तेव्हा तुम्ही आलात. पंच चहाला गेले होते. तुम्ही वाकून वाचायला लागलात, आणि कागदावर तोवर पाच कलमं होती. पाचव्यात लिहिलं होतं की वाडीच्या ढोलवाल्याने स्वतः, अनवाणी आणि उघड्या डोक्याने, ढोल आणून गावच्या पारावर ठेवावा आणि सर्वांदेखत नमस्कार करून माफी मागावी. तुम्ही दोनदा वाचलंत. "पाच वर्षं. आणि सहाव्या वर्षी काय?" मी म्हटलं, तोवर निवतील. तुम्ही म्हणालात, "लोणंदला आला होतास ना रे तू? का तास बुडवला होतास?" मग तुम्ही बोट ठेवलंत त्या शेवटच्या कलमावर. "हे कुणाचं?" मी म्हणालो, "पंचांचं. मी फक्त टाईप करतो, बाई." तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. चहा न पिताच गेलात, तुमचं पेन्शनचं पत्र बाकड्यावर तसंच राहिलं.

दाजी आले तो दिवस मला अजून दिसतो. उन्हाने तापलेल्या फरशीवर ते अनवाणी चालतायत, फेटा नाही, कपाळावर फेट्याच्या जागी पांढरा पट्टा. ढोल खांद्यावर. आमची माणसं दोन्ही बाजूंनी उभी. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलंही नाही, आणि त्यामुळे ते जास्तच लांबलं. त्यांनी ढोल ठेवला, हात जोडले. उठताना त्यांची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच जरा थांबली. अक्का त्या दिवसापासून माहेरी यायची बंद झाली. आईने दिवाळीला बोलावणं धाडलं तर निरोप आला, "ज्या गावात नवऱ्याला उगड्या डोक्यानं उबा केला तितं मी कुटल्या तोंडानं येऊ?"

पाच वर्षं कसली, एक वर्षही गेलं नाही. पुढच्या यात्रेला पालखी नेहमीप्रमाणे ओढ्यावर स्नानाला निघाली. तात्यांच्या आणि माझ्याही डोक्यात एक गोष्ट आली नव्हती की देवाच्या स्नानाचा डोह वाडीच्या हद्दीत आहे. वाडी बांधावर आडवी उभी होती, बायामाणसांसकट. आमच्यापैकी कुणीतरी पहिला दगड मारला. मग कुणाचं काय, कळण्याच्या पलीकडे गेलं. आमची माणसं मागे हटली आणि पालखी वाडीच्या हातात राहिली. त्यांनी ती डोहाच्या काठावर कापडाखाली झाकून ठेवली आणि सांगावा आला: गावच्या पंचांनी अनवाणी, बोडक्या डोक्यानं त्याच पारावर उभं राहून नमस्कार करावा, वाडी बघायला येईल, मग पालखी मिळेल. त्याच पारावर, बाई. ते ऐकताना मला लोणंदचा डबा आठवला, वासासकट. त्याच सांगाव्याबरोबर दुसरी बातमीही आली. झटापटीत दाजींच्या उजव्या हातावर काठी बसली होती, तीन बोटांचा चेंदा झाला होता.

तुम्ही तेव्हा बासष्ट-त्रेसष्टच्या असाल. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं, मला तोंड नव्हतं. तुम्ही आपण होऊन आलात. एसटीने दहिवडी, तिथून जीपने फाट्यापर्यंत, पुढे पायी, डोक्यावर पदर आणि हातात ती कापडी पिशवी. पारावर बसलात आणि तात्यांना म्हणालात, "आधी ढोल द्या." तात्या उसळले. "आवं बाई, पालखी त्येंच्याकडं हाय! आदी त्येंनी देव द्यावा, मंग ढोलाचं बगू." तुम्ही म्हणालात, "देव कुठे पळून जात नाही. ढोल परत करा आणि बदल्यात काही मागू नका. काहीही नाही." तात्या म्हणाले, "मंग जिकलं कोन, त्ये तरी सांगा!" तुम्ही पिशवीतून पाण्याची बाटली काढून घोट घेतलात. "तात्या, बोटं कुणाची गेली ते तेवढं सांगा मला." तात्या कडू तोंडाचे, पण वाईट नव्हते. उठत म्हणाले, "देवळाची किल्ली आना रं."

ढोल आपल्या माणसांनी न्यायचा, तोही फेटे बांधून आणि पायात चपला घालून, असं तुम्ही बजावलंत. "मान खाली घालून जायचं नाही. पाहुण्याकडे जातो तसं जायचं." तुम्ही पुढे, मागे आम्ही दहाबारा जण, आणि ढोल मी आणि पुजारी मिळून उचललेला. वाडीत कुणी आम्हाला अडवलं नाही. दाजी अंगणात खाटेवर बसलेले, हाताला भलंमोठं बँडेज. ढोल समोर ठेवला तर त्यांनी डावा हात त्यावरून हळूच फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "बाई, तुमी आलाय म्हनून बोलतो. ढोल गेला त्येचं काय न्हाई. पर त्ये पाचवं कलम कुनी घातलं, तेवडं मला सांगा. पंच म्हनत्यात आमी न्हाई." मी ढोलाच्या दोरीकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, "कुणी घातलं ते मला माहीत नाही. पण तुमच्या मेव्हण्याने नाही. मी विचारलंय त्याला. तो फक्त टाईप करत होता." दाजींनी मान डोलावली. अक्का दारात उभी होती, ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आधी मला दिलं. एका वर्षानंतर माझ्या बहिणीच्या हातचं पाणी मी प्यालो ते तुमच्या शब्दावर.

नवा कागद तुम्ही मला टाईप करायला लावलात. एकच ओळ: दोन्ही गावांनी यात्रा पूर्वीसारखी करावी. मी विचारलं, एवढंच? तुम्ही म्हणालात, "जास्त लिहिलं की जास्त भांडतात." पालखी संध्याकाळच्या आत देवळात आली. पुढच्या वर्षी पहिली थाप वाडीची होती, ती दाजींच्या पुतण्याने मारली. दाजी बाजूला उभे राहून पायाने ताल धरत होते. तेव्हापासून आजवर तिथे काठी निघालेली नाही. व्हर्सायला बसलेल्या इतक्या शिकल्यासवरल्या माणसांना जे जमलं नाही ते तुम्ही एका दिवसात चपला झिजवून केलंत. मला तुमचा इतका अभिमान आहे, बाई, की पोरांना ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो आणि मग मी एका ठिकाणी अडखळतो.

तुम्हाला भावाने सांगलीला नेलं त्यानंतर एकदाच भेट झाली. मी जोंधळ्याच्या पिठाची पिशवी घेऊन आलो होतो. तुम्ही गॅलरीत बसला होतात, हातपाय वाळलेले, आवाज तेवढा तसाच. दाजींची चौकशी केलीत. मग म्हणालात, "त्या दिवशी तुझ्या दुकानात मी नुसती बोलून निघून गेले. तो कागद मशीनमधून ओढून फाडायला हवा होता रे मी. त्या माणसाची बोटं वाचली असती." तुमचे डोळे भरून आले होते. ज्या बाईंनी आम्हाला कधी पाणावलेला डोळा दाखवला नाही, त्या माझ्यासमोर रडत होत्या. मी म्हणालो, "तुमची काय चूक त्यात, बाई." आणि साडेचारची एसटी आहे म्हणून उठलो. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

पंचांनी चारच कलमं सांगितली होती. ते चहाला गेले आणि कागदावर खाली चार बोटं जागा उरली होती. मांडवातलं हसू आठवलं आणि मी पाचवं टाईप केलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याच दहा बोटांनी. परत आल्यावर पंचांनी न वाचताच सह्या केल्या, आणि कागद वाडीपुढे वाचला गेला तेव्हा आपल्याच सहीला नाही म्हणायला कुणी धजावलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि त्याच खोट्यावर तुम्ही आयुष्यात एकदा खोटी साक्ष दिलीत.

दुकान बंद झालं तरी जुनं मशीन मी ठेवलं आहे. हे पत्र त्यावरच टाईप करतोय. कार्बन घातला आहे. वरची प्रत तुमची, तिला पत्ता नाही. खालची अक्काची, तिचा पत्ता तोंडपाठ आहे. आज तरी दोन्ही खणातच जातील.